आधी छप्पर, मग टाकी: गोव्याच्या परसात एकाच पाण्यावर मासे आणि भाजी

गोव्यातलं घरगुती ॲक्वापोनिक्स, म्हणजे माशांच्याच पाण्यावर मातीशिवाय भाजी, बुडतं ते पावसात. इंटरनेटवर मिळणारे बरेचसे आराखडे कोरड्या मुलखातल्या लोकांनी केलेले असतात. त्यात छपराचा उल्लेख असलाच तर शेवटी. आपल्याकडे हंगामात ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. एक चौरस मीटरचा उघडा वाफा जून ते सप्टेंबर या काळात तीन हजार लिटर पाणी झेलणार, आणि आपली टाकी जेमतेम सातशे लिटरची! इतक्या वेळा धुऊन निघालेल्या पाण्यात भाजीसाठी खत उरत नाही आणि जिवाणूंना लागणारी क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची पाण्याची ताकद, तीही उरत नाही. म्हणून इथे सगळा क्रम छपरापासून लावला आहे.

आधी पाण्यात काय चालतं ते थोडक्यात. मासा खातो आणि त्याच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. तो माशालाच विषारी. खडीवर वस्ती करणारे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते झाडं शोषून घेतात आणि पाणी पुन्हा माशांकडे जातं. मासे डोळ्यांना दिसतात म्हणून नवखा माणूस दिवसभर त्यांच्याकडे बघत बसतो. सांभाळायचे असतात ते न दिसणारे जिवाणू. त्यांना हवा हवी, ओल हवी, अंधार हवा आणि पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल) ६च्या खाली जाता कामा नये.

कधी सुरू करायचं

चवथ झाली, पाऊस ओसरला की ऑक्टोबरात बांधायला घ्या. नोव्हेंबरात जिवाणूंची तयारी, डिसेंबरात मासे. म्हणजे जून उजाडेपर्यंत यंत्रणा सहा महिने मुरलेली असते. एप्रिल-मेच्या सुट्टीत उत्साहाने सुरू केलं, तर जिवाणू कसेबसे बसतात तोवर पाऊस दाराशी येतो. तसं करू नका, सुट्टीत फक्त सामान गोळा करा.

जागा आणि छप्पर

वाफ्याला पाच-सहा तास ऊन हवं, टाकीला सावली. गोव्याच्या परसात माड नाही असं घर विरळाच, तेव्हा वर मान करून बघा: नारळ आणि चुडत कुठे पडेल त्याचा अंदाज घेऊन मगच जागा ठरवा. फणसाखाली आणि आंब्याखाली नकोच. पाला पाण्यात कुजतो आणि तो काढत बसण्यात दिवस जातात. जागा घराच्या इतकी जवळ असावी की भर पावसात छत्री घेऊन दोन मिनिटांत जाऊन येता येईल. लांब कोपऱ्यातल्या टाकीकडे जुलैत कोणी फिरकत नाही.

छपरासाठी पारदर्शक पॉलिकार्बोनेटचे पत्रे घ्या. वाफ्याच्या चारही बाजूंनी ते किमान दोन-दोन फूट बाहेर यायला हवेत, कारण आपला पाऊस सरळ पडत नाही, नैऋत्येकडून तिरका झोडपतो. त्या बाजूला जूनमध्ये खाली सोडता येईल असा प्लास्टिकचा पडदा ठेवा. उन्हाळ्यात याच सांगाड्यावर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट टाकता येते. पागोळ्यांचं पाणी टाकीपासून दूर जाईल असा उतार द्या.

खालचा पाया हलका समजू नका. सातशे लिटर पाणी म्हणजे सातशे किलो, वर खडीचे साडेचारशे. जमीन ठोकून त्यावर चिऱ्यांचा सपाट थर घालून पाणसळ लावून बघा. गच्चीवर करायचं मनात असेल, तर इंजिनियरला विचारल्याशिवाय एक बादलीही वर नेऊ नका.

टाकी

नवख्यासाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे लोखंडी पिंजऱ्यातली हजार लिटरची आयबीसी टाकी. औद्योगिक वसाहतींच्या आसपास जुन्या टाक्या विकणारे असतात. घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा आणि लेबल वाचा. खाद्यतेल, ग्लुकोज, फळांचा रस असेल तर चालेल. रंग, द्रावक, कीटकनाशक असेल तर फुकट दिली तरी नको. लेबल खरवडून काढलेलं दिसलं तरी नको.

वरचा ३० सेंटिमीटरचा भाग पिंजऱ्यासकट कापा. तो उलटा केला की वाफा झाला, खाली उरते ती माशांची सातशे लिटरची टाकी. वाफ्याचं क्षेत्रफळ एक चौरस मीटरच्या आसपास भरतं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे माशांची संख्या त्यावरूनच काढायची आहे. टाकीचं प्लास्टिक अर्धपारदर्शक असल्याने आत शेवाळ धरतं. बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या. काळ्याने प्रकाश अडतो, पांढऱ्याने ऊन परततं.

खडी आणि नळजोडणी

आपल्याकडे हाताशी जांभा असतो म्हणून त्याचेच तुकडे भरायचा मोह होतो. ते भुसभुशीत असतात, झिजून तांबडी माती सुटते आणि पंप चोंदतो. क्रशरवरची काळी खडी घ्या, अर्धा ते पाऊण इंची. मूठभर खडीवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर त्यात चुनखडी आहे, ती पाण्याचा पीएच सतत वर ढकलेल. मग निथळणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत खडी धुवा. कंटाळवाणं काम आहे, दोन माणसांचा अर्धा दिवस जातो, पण इथे कसूर केली की पुढचा महिनाभर टाकीत गढूळ पाणी दिसतं.

वाफ्यात पाणी चढवायला टाकीत पंप आणि उतरवायला बेल सायफन. सायफनचं नाव ऐकून लोक बिचकतात, पण प्लंबरच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंतच तो होतो. वाफ्याच्या तळाला भोक पाडून टँक निपल बसवा. त्यात एक इंची पीव्हीसीचा उभा पाइप लावा, उंची २५ सेंटिमीटर. त्यावर अडीच-तीन इंची पाइपचा तुकडा उलटा ठेवा, वरून एंड कॅपने हवाबंद केलेला आणि खालच्या काठाला एक-दीड सेंटिमीटर उंचीच्या चार-पाच खाचा पाडलेल्या. वरची टोपी आणि उभ्या पाइपचं तोंड यांत दोन-तीन सेंटिमीटरची फट राहू द्या. या सगळ्याभोवती चार इंची पाइपला भोकं पाडून जाळीसारखं कुंपण करा, म्हणजे खडी आत येणार नाही आणि सायफन वर उचलून साफ करता येईल. पाणी उभ्या पाइपच्या तोंडाशी आलं की ओघ सुरू होतो, वाफा झपाट्याने रिकामा होतो, खाचांतून हवा शिरली की ओघ तुटतो आणि वाफा पुन्हा भरू लागतो. रिकामं होताना मुळांना नि जिवाणूंना हवा मिळते. वरचा पाच सेंटिमीटर थर कायम कोरडा राहतो, म्हणून तिथे शेवाळ येत नाही आणि डासही अंडी घालत नाहीत.

पंप निवडताना डब्यावरचा आकडा शून्य उंचीवरचा असतो हे ध्यानात ठेवा. ताशी साधारण टाकीभर, म्हणजे सातशे लिटर पाणी सव्वा मीटर वर पोचायला हवं, तेव्हा दीड-दोन हजार लिटरचा पंप घ्या. ओघ जास्त वाटला तर टी जोडून बॉल व्हॉल्व्हने काही पाणी थेट टाकीत पाडा, तेवढीच हवा मिसळते. या हिशोबाने वाफा आठ-दहा मिनिटांत भरतो आणि तोवर टाकीची पातळी दहा सेंटिमीटर खाली जाते. तेवढं धरूनच पाणी भरा. ४० वॅटचा पंप चोवीस तास चालवला तर महिन्याला २९ युनिटच्या आसपास वीज लागते. सॉकेट छपराखाली, जमिनीपासून उंच, आणि मागे ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच) हवाच. वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी तिथेच टपकतं.

टाकीच्या काठाखाली एक ओव्हरफ्लो पाइपही लावा आणि तो माडाच्या आळ्यात सोडा.

पाणी

जांभ्याच्या जमिनीतल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्ल असतं. प्यायला गोड लागतं, पण त्यात क्षारता फार कमी. जिवाणू अमोनिया पचवताना आम्ल तयार करतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे सुमारे सात ग्रॅम चुनखडीइतकी क्षारता खर्ची पडते. मऊ पाण्यात ती साठवण लवकर संपते आणि पीएच एकदम कोसळतो. ६च्या खाली जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं, अमोनिया साचू लागतो आणि मालकाला वाटतं माशांना रोग आला.

यावरचा उपाय गोव्याच्या प्रत्येक नुस्ते खाणाऱ्या घरात कचऱ्यात जातो: तिसऱ्या आणि खुब्यांचे शिंपले. मांस उरणार नाही असे खरवडून उकळा, मीठ जाईपर्यंत चार पाण्यांतून धुवा, उन्हात वाळवून थोडे ठेचा आणि जाळीच्या पिशवीत भरून पाणी पडतं तिथे टांगा. पाणी आम्ल झालं की ते विरघळतात, ७च्या पुढे गेलं की जवळपास थांबतात. म्हणून शिंपले थोडे जास्त झाले तरी बिघडत नाही. पानाबरोबर खायचा चुना किंवा चुलीतली राख मात्र ओतू नका. दोन्हींनी पीएच तासाभरात उडी मारतो, आणि पीएच चढला की पाण्यातला तोच अमोनिया कित्येक पटींनी घातक होतो. आपल्याला ६.८ ते ७ एवढंच हवं.

नळाचं पाणी वापरणार असाल तर क्लोरीन उडून जायला ते उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवा, नाहीतर जिवाणू मरतील. खाजनाजवळ (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीजवळ) किंवा किनारपट्टीला राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. एप्रिल-मेमध्ये काही विहिरींचं पाणी मचूळ होतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर घ्या, नोव्हेंबरातला आकडा भिंतीवर लिहा आणि मेमध्ये पुन्हा मोजा. फार वाढला असेल तर टाकीत भर घालायचं पाणी दुसरीकडून आणा. माशाला ते चालून जाईल, वालाला नाही.

माशांआधीचा महिना

इथे घाई केली की पुढे मासे मरतात. थेंब टाकून रंग बघायचा चाचणी-संच विकत घ्या, ज्यात पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट असे चारही असतील. पंप सुरू करा, मासे नकोत. पाण्यात अमोनियम क्लोराइड थोडं थोडं टाकत अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) आणा. ते मिळालं नाही तर रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाका, कुजून तेच काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो. सुंगटांची (कोळंबीची) टरफलं पातळ कापडात बांधून सोडली तरी चालतं, पण मग आळीतली सगळी मांजरं तुमच्याकडे मुक्कामाला येतील. कोणाच्या जुन्या, निरोगी ॲक्वेरियमच्या फिल्टरमधला स्पंज मिळाला तर तो टाकीत पिळून घ्या, आठवडाभर वाचेल.

आधी अमोनिया चढतो. मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं. मग तेही उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं. आपल्या हवेत पाणी २६-३० अंशांत असल्याने हे तीन ते पाच आठवड्यांत उरकतं. आदल्या दिवशी टाकलेला २ पीपीएम अमोनिया दुसऱ्या दिवशी शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य असेल तर यंत्रणा तयार. या काळात रोपं लावली तरी चालतात. पानं फिकी दिसतील, काळजी नको.

कोणते मासे, किती

किती हा प्रश्न आधी, कारण सगळे तिथेच घसरतात. मासे मोजू नका, खाद्य मोजा. पालेभाजीच्या एक चौरस मीटर वाफ्याला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य पुरतं. वांगी-मिरचीसारख्या फळभाजीला ५० ते ८०. वाढलेला मासा दिवसाला वजनाच्या एक-दोन टक्के खातो. म्हणजे आपल्या वाफ्याला सगळे मिळून चार-पाच किलो मासे झाले की थांबायचं. पाव किलोचा एक धरला तर पंधरा ते वीस बोटुकल्या. विक्रेता शंभर घ्या म्हणेल, स्वस्त पडतील म्हणेल. वीस घ्या. हा भाजीचा वाफा आहे, त्याच्या पोटात थोडे मासे आहेत.

आता कोणते. पहिल्या हंगामात कोई किंवा गोल्डफिश पाळा असं माझं स्पष्ट मत आहे. चुका सोसतात, आणि त्यांना कधी कापायचं यावर घरात वाद होत नाही. खाण्यासाठी तिलापिया सगळ्यात सोयीचा, पण तो परदेशी मासा, भारतात त्याच्या पालनावर नियम आहेत. पणजीच्या मत्स्योद्योग संचालनालयात विचारून, परवानगी बघूनच घ्या, आणि एकलिंगी बीज घ्या, नाहीतर टाकीतच वीण सुरू होते आणि वीसचे दोनशे होतात. थाय मागूर पाळायला देशात बंदी आहे, कोणी कितीही काटक म्हणून गळ्यात मारला तरी नको. चणकाचं (जिताड्याचं) नाव निघाल्याशिवाय गोव्यात ही चर्चा संपत नाही. तो गोड्या पाण्यात वाढतो हे खरं, पण त्याला महाग, प्रथिनयुक्त खाद्य लागतं आणि लहानपणी भावंडांनाच गिळतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवा. काळुंदर आपला, चवीचा, गोड्या पाण्यातही राहतो, पण वाढ संथ आणि हाताळणी सोसत नाही. रोहू-कटल्याला तळं लागतं. नको झालेला कोणताही मासा ओहोळात किंवा खाजनात सोडू नका.

बियाण्याची आणि पाण्याची विचारपूस करायला जुन्या गोव्याला, एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्रही तिथेच.

मासे आणल्यावर पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीचं पाणी आत घालत जा आणि शेवटी मासे जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. पहिला दिवस उपास. मग २८ ते ३२ टक्के प्रथिनांचं तरंगतं खाद्य दिवसातून दोन-तीनदा, पाच मिनिटांत संपेल एवढंच. उरलेलं काढून टाका. अमोनिया १ पीपीएमच्या वर दिसला तर खाद्य बंद. धडधाकट मासा दोन दिवस उपाशी राहिल्याने मरत नाही.

टाकीवर घट्ट जाळी हवी. खंड्या आणि बगळा यांना पत्ता सांगावा लागत नाही, आणि दिवड तर फटीतून शिरते.

वाफ्यात काय

सुरुवात तांबड्या भाजीने करा. दाट पेरा, पंचवीस-तीस दिवसांत पहिली कापणी. अळू या पाण्यात वेड्यासारखं माजतं, पण त्याची मुळं पाइपात शिरतात, म्हणून सायफनपासून लांब कोपऱ्यात एखादंच. पुदिना, तुळस, कोथिंबीर, पालक सहज येतात. लेट्यूस डिसेंबर-जानेवारीतच, पुढे उन्हाने ते फुलोऱ्यावर जाऊन कडू होतं. सात शिरांची भेंडी आणि खोल्याची मिरची मासे चांगले वाढल्यावर, मार्चच्या सुमारास, तेव्हा पाण्यात पुरेसं खत असतं. मुळा आणि गाजर खडीत वेडेवाकडे होतात.

माशांच्या खाद्यातून झाडांना लोह आणि पोटॅश कमी पडतं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह हवं: चिलेटेड लोह, पाण्यात २ पीपीएम होईल इतकं, महिन्यातून एकदा. जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसल्या तर पोटॅश. त्यासाठी पोटॅशियम बायकार्बोनेट बरं, शिंपल्यांना मदतही होते. कीड आली तर हाताने वेचा, मावा पाण्याच्या फवाऱ्याने उडवा. कीटकनाशक, मोरचूद, निंबोळी तेल यांतलं काहीही वाफ्यावर मारलं की ते अर्ध्या तासात माशांच्या कल्ल्यांत असतं.

रोजचं काम दहा मिनिटांचं. मासे खायला वर येतात का, सायफनचा ओघ वेळेवर तुटतो का, पंपाचा आवाज तोच आहे का. आठवड्यातून एकदा पीएच आणि अमोनिया, सुरुवातीच्या दोन महिन्यांत दोनदा. पंपाची जाळी धुवा, ते पाणी माडाला.

जून आला की

३० अंशांच्या पाण्यात पूर्ण भरल्यावरही लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, आणि माशांना पाच तरी लागतो. पंप बंद पडला की ही शिल्लक काही तासांत संपते. गोव्यात पहिल्या वादळी पावसात माडाचं झावळ तारेवर पडतं आणि वीज रात्रभर जाते, तेव्हा बॅटरीवर आपोआप सुरू होणारा छोटा एअर पंप मे महिन्यातच लावून तपासून ठेवा. दुसरी टाकी घेण्याआधी जास्तीचा पंप घेऊन कपाटात ठेवा, पहिला बिघडेल तो रविवारी रात्री.

ढगाळ आठवड्यांत भाजीची वाढ मंदावते, म्हणून खाद्य निम्मं करा. पाऊस आत येत असेल तर पीएच आठवड्याला दोनदा बघा आणि शिंपल्यांची पिशवी बदला. पंप नसलेली जास्तीची पिंपं, बादल्या, पन्हळी यांत पाणी साचू देऊ नका. टाकीतले मासे डासांच्या अळ्या खातात, शेजारच्या पिंपात मासे नसतात.

खाण्याचे मासे असतील तर १ जून ते ३१ जुलै ही समुद्रातल्या मासेमारीची बंदी गाठून निम्मे काढा. पाव किलोचे झाले असतील, बाजारात ताजं नुस्ते महाग असेल, आणि श्रावणात घर शिवराक (शाकाहारी) होण्याआधी टाकीवरचा भारही हलका होईल. कापण्याआधी त्यांना दोन दिवस स्वच्छ, हवा सोडलेल्या पाण्यात उपाशी ठेवा, मातकट वास जातो. उरलेल्या आठ-दहा माशांवर वाफा चवथीपर्यंत तांबडी भाजी देत राहतो. नव्या बोटुकल्या ऑक्टोबरात सोडा.